पायांचा आवाज

शाळेच्या मैदानावर सव्वीस वर्षं शिट्टी फुंकलेल्या क्रीडाशिक्षकांना ऑनलाइन तासासाठी घरात एकच जागा मिळाली : कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधली. तिथून ते पडद्यावरच्या बत्तीस चौकोनांना उड्या मारायला लावत.

"अहो, शिट्टी नको," बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं. "वरच्या आजी खाली येऊन रांगेत उभ्या राहतील."

सरांची एक खास पद्धत होती. मैदानावर ते डोळे मिटून पायांचा आवाज ऐकत आणि कोण अंगचोरपणा करतंय ते बिनचूक सांगत. तीच विद्या त्यांनी घरी आणली. सगळ्यांचे माइक चालू. धप, धप, धप. एक पठ्ठ्या कालचाच व्हिडिओ लावून बाजूला खात बसला होता. चावण्याच्या आवाजावरून सापडला. तेव्हापासून सरांचा स्वतःच्या कानांवर जरा जास्तच विश्वास बसला.

मग पाळी आली हरणीची. धावण्याच्या संघातली सगळ्यांत वेगवान पोरगी. हे नाव सरांनीच ठेवलेलं. चौकोनात ती उड्या मारताना दिसत होती, आवाज मात्र अजिबात नाही.

"तूसुद्धा व्हिडिओ लावलास? बोल!"

हरणी थांबली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"मला गप्प बसवतेस? संघातून नाव कमी!"

एकतीस चौकोन फिदीफिदी हसले. तिचा चौकोन काळा झाला, तो पुन्हा उजळला नाही. लावून ठेवलेला व्हिडिओ थांबून ओठांवर बोट ठेवत नाही, हे सरांच्या डोक्यात शिरायला आठ महिने लागले.

शाळा उघडल्यावर पालकसभेत तिची आई भेटली. "मी नर्स. सतत रात्रपाळी, सकाळी येऊन झोपायचे. खोली एकच. ही दोन रजया अंथरून चवड्यांवर उड्या मारायची. एकदाही जाग आली नाही हो मला!" माउली कौतुकानं सांगत होती. सरांना खुर्ची टोचू लागली.

त्यांनी हरणीला रिकाम्या व्हरांड्यात गाठलं. "चुकलं माझं, बेटा."

"सर, तेव्हा सगळे ऐकत होते. आत्ता इथं कोणीच नाहीये."

दुसऱ्या दिवशी सरांनी अख्खा वर्ग मैदानात बोलावला आणि सगळं सांगितलं. आवाज मध्येच बसला.

"सर, मोठ्यानं! ऐकू येत नाही," मागून कोणीतरी ओरडलं.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग हरणीकडे वळले. "येतेस ना संघात?"

"नाही सर. बुद्धिबळात नाव दिलंय."

"का गं?"

"तिथं गप्प बसलेलं चालतं."

रिलेच्या यादीतली चौथी ओळ सरांनी शेवटच्या तारखेपर्यंत कोरी ठेवली. मग दोन फेऱ्यांतच धापा टाकणाऱ्या एका मुलीचं नाव लिहिलं; तेही पेन्सिलीनं.