न विचारता उचललेला फोटो

मी एक जुना फोटो आहे. काळापांढरा, एका कोपऱ्यात दुमडलेला. माझ्या पाठीवर निळ्या शाईनं दोन नावं लिहिली आहेत. अयोध्या आणि वीरण्णा. अयोध्या माझ्यात आहे. वीरण्णांनी मला काढलं. मित्रांनो, फोटोनं बोलायचं नसतं. पण माझं जे केलं गेलं त्याची मला इतकी किळस आली आहे, की आता गप्प राहवत नाही.

माझा जन्म १९९३ सालच्या भूकंपानंतर चौथ्या दिवशी झाला. वीरण्णांचा शिरूर अनंतपाळला लहानसा स्टुडिओ होता. भाकरींची पोती घेऊन ते टेम्पोतून एका पडलेल्या गावात गेले. कॅमेरा गळ्यात होता, पण तो उघडायला त्यांचा हात धजत नव्हता. एका ढिगाऱ्यापाशी एकोणीस वर्षांची अयोध्या बसली होती. माळवदाचं, जड मातीच्या छताचं घर खाली आलं होतं. उरली होती एक भिंत आणि दाराची चौकट. अयोध्याचा हात त्या चौकटीवर होता. तिच्या आईला आदल्या दिवशीच मातीखालून काढलं होतं.

वीरण्णांनी आधी तिला पाणी दिलं. मग विचारलं, "आक्का, एक फोटो काढू का? नको म्हणालीस तर न्हाई काढणार."

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "काढा. ह्या दारात माझी माय बसायची. तेवढं तरी राहू द्या. पण कुठं लावायचा असंल तर मला इचारा."

"हाव. इचारीन."

त्यांनी शब्द पाळला. एका पेपरवाल्यानं मला मागितलं, तेव्हा वीरण्णा एसटीनं अयोध्याच्या पत्र्याच्या शेडपर्यंत गेले. ती नको म्हणाली. वीरण्णा परत आले आणि त्यांनी पेपरवाल्याला नकार कळवला. माझं भाग्य असं, की माझी पहिली बरीच वर्षं अशा माणसाच्या हाती गेली.

वीरण्णा वारल्यावर त्यांची मुलगी विशाखा मला सांभाळू लागली. ती लातूरच्या एका शाळेत संगणक शिकवते. भूकंपाला वीस वर्षं झाली, तेव्हा तिनं गेलेल्या माणसांच्या आठवणींचं एक पान इंटरनेटवर तयार केलं. अयोध्याबाई तोवर लातुरातच, क्लासच्या मुलामुलींच्या एका मेसमध्ये स्वयंपाक करत होत्या. विशाखानं त्यांना विचारलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "लोकायला कळू दे. पण माझ्या मायचं नाव टाक. यशोदाबाई."

असा मी पडद्यावर आलो. माझ्याखाली वीरण्णांचं नाव होतं, यशोदाबाईंचं होतं आणि एक ओळ होती: परवानगीशिवाय वापरू नये.

लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघत होते. राघवेंद्र सरांचा असाच एक क्लास होता. पोरांनी आपला क्लास विसरू नये म्हणून त्यांना मोबाइलवर प्रश्नोत्तरांचा खेळ हवा होता. उत्तर चुकलं की घर पडायचं. खेळ बनवणाऱ्या यज्ञेशला पडकं घर पाहिजे होतं. त्यानं इंटरनेटवर शोधलं आणि मी त्याच्या हाती लागलो.

मित्रांनो, त्यानं सगळ्यात आधी माझ्याखालची नावं कापली. मग मला डावीचं उजवीकडे केलं. वर पिवळा रंग फासला. अयोध्याला माझ्यातून कातरून वेगळं काढलं, म्हणजे तिला हलवता यावं. उत्तर चुकलं की भिंत तिच्या अंगावर कोसळायची, तिचे हात वर व्हायचे आणि आवाज यायचा, "अरेरे, गेली!" मग पोरं खिदळायची. दिवसातून हजार वेळा मी ते भोगलं. पोरांचा मला राग नाही आला, त्यांना काय ठाऊक? पण ज्यानं ती ओळ वाचून कापली, त्याच्या हाताची मला शिसारी आली.

एका दुपारी मेसमध्ये मनस्विनी नावाची मुलगी जेवता जेवता तो खेळ खेळत होती. अयोध्याबाई वरण वाढायला आल्या. पडद्यावर भिंत पडली. पळी हवेतच थांबली.

"पुन्हा लाव गं."

मनस्विनीनं हसत पुन्हा लावलं.

"ही मी हाय," अयोध्याबाई म्हणाल्या.

मनस्विनीचं हसू गेलं. तिनं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी अयोध्याबाई आणि विशाखा क्लासमध्ये गेल्या. राघवेंद्र सर खुर्चीतून उठलेही नाहीत.

"अहो मॅडम, नेटवर पडलेला फोटो. नेटवरचं सगळं सगळ्यांचंच असतं."

"रस्त्यावर उभी केलेली गाडी सगळ्यांची असते का, सर?" विशाखानं विचारलं.

"आम्ही तो उलटा केला, रंग बदलला. नवीनच झाला ना तो! आणि हे शिक्षणासाठी आहे."

"माझ्या अंगावर भिंत पाडून कोणतं शिक्षण देऊन राहिलाव, सर?" अयोध्याबाई म्हणाल्या.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं, खाली 'सौजन्य इंटरनेट' लिहितो. झालं समाधान?"

ज्यानं काढलं त्याला सोडून भलत्याचेच आभार!

विशाखानं पुढे वाद घातला नाही. वीरण्णांची मूळ निगेटिव्ह तिच्याकडे होती. ती पुरावा म्हणून जोडून तिनं, जिथून तो खेळ मोबाइलवर उतरवता येत होता तिथं तक्रार केली. आठ दिवसांत खेळ काढून टाकला गेला. राघवेंद्र सरांनी शेवटपर्यंत माफी मागितली नाही.

यज्ञेश मात्र मेसमध्ये आला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. घाई होती."

"खालची ओळ वाचली होतीस?"

"हो."

"आन् मायचं नाव?"

तो हळूच म्हणाला, "तेही वाचलं होतं."

"वाचून कापलंस," अयोध्याबाई म्हणाल्या. "न वाचता कापलं असतंस तर मी तुला जेवाया वाढलं असतं." आणि त्या आत निघून गेल्या.

त्यानंतर यज्ञेशनं आपल्या खेळांसाठी स्वतः घरं काढायला घेतली. ती वाकडीतिकडी येतात, पण त्याचीच असतात. माझ्या अंगावरची घाण मात्र अजून पुरती धुतली गेलेली नाही. ज्यांनी तो खेळ आधीच उतरवून घेतला, त्यांच्या मोबाइलमध्ये भिंत आजही पडते. ती कुणालाच थांबवता येत नाही. मित्रांनो, एकदा न विचारता उचललेलं चित्र असं परत ठेवता येत नाही. म्हणून उचलण्याआधी विचारा, ते कुणी काढलं आणि त्यात कोण आहे.

गेल्या महिन्यात मुखेडहून उर्वी नावाच्या एका शाळकरी मुलीचं पत्र विशाखाला आलं. 'मी भूकंपावर एक खेळ करते आहे. हा फोटो वापरू का?' विशाखानं अयोध्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई." विशाखानं तसं कळवलं. उर्वीचं एका ओळीचं उत्तर आलं: 'बरं ताई, नाही वापरत.'

आणि तिनं खरंच वापरला नाही. पडद्यावर आल्यापासून एवढा मान मला कुणी दिला नव्हता.