सोनबाचा दगड

छप्पन साली चिंचवडच्या पुढं माळावर दगडाची खाण चालू होती. पिंपरीत कारखाना उभा राहत होता, त्याच्या पायाला दगड तिथूनच जाई. खाणीची एक रीत होती. वरची माती आणि मुरूम जो काढील, त्यानंच खालचा दगड फोडायचा. माती काढायची मजुरी नव्हती. मजुरी फक्त फोडलेल्या दगडाची.

सोनबा आणि त्याची बायको सोजराबाई माझ्या शेजारच्या जागेवर होते. दिवाळीपासून दोघांनी माती उपसली, पाट्या वाहून वर कडेला ढीग घातला. शिमग्याला काळा दगड उघडा पडला. असा दगड, की बघत राहावं.

दुसऱ्याच दिवशी मुकादम आबाजी भाच्याला घेऊन आला. भाच्याच्या खांद्यावर कोरा घण.

"सोनबा, तुझा पाय अधू. तुला हलकं काम देतो. सुरुंग उडताना रस्त्यावर लाल फडकं धरून बसायचं. सावलीत!"

मला राहवलं नाही. "पाय पावसाळ्यातच मोडला होता त्याचा. माती काढताना तो अधू नव्हता व्हय?"

"तू गप रं! मी भलं करतोय त्याचं."

सोजराबाई पेटली.

"लई दयाळू झालास, आबाजी! सावलीत तूच जाऊन बस. माती आमी उपसायची आन् दगड तुझ्या भाच्यानं न्यायचा?"

"जागा काय तुझ्या बापाची हाय?"

"जागा नसंल. पण माती आमची हाय. तिची दमडी कुणी दिली न्हाई आमाला."

तिनं फावडं उचललं, वर कडेला चढली आणि ढिगातली माती खाली दगडावर लोटायला लागली. भाचा डोळे चोळत मागं सरला. सोनबा लंगडत वर गेला. मग मी गेलो. मग शेजारपाजारचे सगळे. आज त्याचा दगड गेला, तर उद्या आमचा जाणार होता. आबाजी पोलिसांची भीती घालत होता. कुणी वर मान केली नाही. दुपारपर्यंत दगड दिसेनासा झाला.

तेवढ्यात दगड न्यायला कारखान्याचा ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला.

"बरं बाई, दगड तुमचाच," आबाजी दात खात म्हणाला. "काढा आता ती माती."

सोजराबाईनं फावडं भाच्यापुढं टाकलं. "ह्यो काढंल. ह्याचं हातपाय धड हाईत."

भाच्यानं मामाकडं बघितलं. मामानं ट्रककडं. मग एक शिवी हासडून आबाजीनं स्वतःच पाटी उचलली.