रिकाम्या हाताचा तामादा

सेवेरियान दारू सोडायला निघाला होता. हे कुताईसी गावात कुणाला कळलं असतं, तर लोकांनी आधी डॉक्टरला बोलावलं असतं आणि मग पाद्र्याला. कारण सेवेरियान तामादा होता. मेजवानीत तामादा उठतो, प्याला उचलतो आणि गेलेल्यांच्या, बायकांच्या, शेजाऱ्यांच्या नावाने असं काही बोलतो की ऐकणारे रडायला लागतात. मग तो प्याला तळापर्यंत रिकामा करतो आणि त्याच्यामागून सगळे. सेवेरियान नसेल तर लग्नाची तारीख पुढे ढकलणारी घरं होती तिथे.

पण त्याच्या लाडक्या नातीने, तेकलेने, तोंडावर सांगितलं होतं, "आजोबा, माझ्या लग्नाला शुद्धीत येणार असाल तर या. नाहीतर घरीच बसा." ती रडली असती तर त्याने समजूत काढली असती. ती रडली नाही, म्हणून तो घाबरला.

डॉक्टरने पत्ता दिला होता. बाजारामागे तपकिरी फाटक, गुरुवारी संध्याकाळी. दारू सोडलेली माणसं तिथे एकमेकांना सांभाळत बसतात, नावगाव विचारत नाहीत. ओळख लपवायला सेवेरियानने बायकोचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि निघाला.

बाजारामागे पाहतो तर सगळीच फाटकं तपकिरी! कोपऱ्यावर कोथिंबीर विकणाऱ्या बाईला त्याने हळूच विचारलं, "बाई, इथे न पिणारी माणसं कुठे जमतात हो?"

"स्मशानात," ती म्हणाली. "पण ईस्टरला जाऊ नका, तेव्हा तिथेही पाजतात. आणि सेवेरियानकाका, चष्मा काकूंचा का घातलात?"

पुढच्या फाटकाआड चांभार निघाला. त्याने प्रश्न ऐकायच्या आत पेला भरला. "घ्या काका. वाट विचारणाऱ्याला कोरड्या घशाने पाठवलं, तर माझी मेलेली आई स्वप्नात येऊन कान पिळेल."

"डॉक्टरने मना केलंय रे."

"कुठल्या डॉक्टरने? परवा तुमच्या मेजवानीत टेबलाखाली झोपला होता, त्याने?"

"त्यानेच," सेवेरियान म्हणाला आणि पळाला. तिसऱ्या फाटकात एका म्हातारीने सुरई पुढे केली, चौथ्यात तर बारशाचा थाट चालला होता आणि त्याला आत ओढायला तिघेजण धावले. सेवेरियानला रडू कोसळायचं बाकी होतं. सुटायला निघालेल्या माणसाला अख्खं गाव प्रेमाने बुडवत होतं.

शेवटचं फाटक एका रुंद खांद्यांच्या बाईने उघडलं. त्याच्याकडे नीट पाहून ती म्हणाली, "चहा घेणार?"

आपण पोचलो, हे सेवेरियानला तिथेच कळलं. साऱ्या कुताईसीत पाहुण्याला चहा विचारणारं दार दुसरं कुठलं असणार?

बाईचं नाव झुझुना. पूर्वी ती बस चालवायची आणि आता ही बैठक. आत पाचसहा माणसं गोल बसलेली, त्यांत ओतिया खाटीकही. "जे मनात असेल ते बोला," झुझुना म्हणाली.

जित्याची खोड! सेवेरियान उठला आणि चहाचा ग्लास उंच धरला. ग्लास उंचावलेला दिसताच सगळे उभे राहिले, कारण तिथली रीतच तशी. तो शांततेसाठी बोलला, मग गेलेल्यांसाठी बोलला. बायकांनी डोळे पुसले. द्राक्षवेलीच्या स्तुतीवर आला तेव्हा तर त्याच्या आवाजाला धार चढली. ओतियाने ओठांवरून जीभ फिरवली. कोपऱ्यातला शिंपी आपली टोपी शोधायला लागला.

"बस करा!" झुझुनाने त्याच्या हातातून ग्लास हिसकावला. "आणखी एक वाक्य बोललात तर ही सगळी मंडळी घरी जाऊन जमिनीत पुरलेले दारूचे रांजण उपसतील! हात खिशात घाला आणि मग बोला."

सेवेरियानने हात खिशात घातले. तोंड उघडलं, पण एक शब्द फुटेना. जन्मभर ज्याच्या जिभेवर सरस्वती नाचली, तो माणूस रिकाम्या हाताने नुसता उभा राहिला. कुणी हसलं नाही.

"माझ्या मुलीच्या लग्नात मीच तामादा होतो," अखेर तो म्हणाला. "तिच्याबद्दल मी काय बोललो, ते लोक अजून सांगतात. मला आठवत नाही. त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही. आता नातीचं लग्न आहे."

एवढंच बोलून तो खाली बसला.

"मला आठवतंय की!" ओतिया उत्साहाने म्हणाला. "तुम्ही म्हणालात, मुलगी म्हणजे... मुलगी म्हणजे..." तो थांबला. "छे. मीसुद्धा टेबलाखालीच होतो."

आधी झुझुना हसली, मग शिंपी, मग सेवेरियान इतका हसला की चष्मा गळून पडला. झुझुनाने त्याचा ग्लास परत दिला. "प्या आता. पण बसून."

त्यानंतरचा एकही गुरुवार त्याने चुकवला नाही.

तेकलेच्या लग्नात सेवेरियान हिरवं सरबत पीत कडेला बसला. नवरी कुठल्या गाण्याला रडली, तिने जाताना त्याचा हात किती घट्ट धरला, विहीणबाईंनी कुठला पदार्थ पिशवीत लपवला, सारं त्याला लख्ख आठवतं. आणि नवा तामादा किती रटाळ बोलला, ते तर तो कुणीही न विचारता शब्दन् शब्द म्हणून दाखवतो.