फुंकणीला कळलेली धाप

मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीपुढची नव्हे हो, मित्रांनो. काचेच्या कारखान्यातली, चांगली हातभर नव्हे तर छातीपर्यंत पोचणारी लोखंडी नळी. लोहाराने मला ठोकून सरळ केले, टोके घासून गुळगुळीत केली, आणि तेव्हापासून माझे एक टोक भट्टीत नि दुसरे माणसाच्या ओठांत. टोकावर वितळलेली काच घ्यायची, मला सतत फिरवत ठेवायचे आणि फुंकायचे. मग दिव्यांचे गोल फुगतात.

लोक त्या गोलांचे कौतुक करतात. करू देत. मला मात्र आज तुमच्यापुढे माझा राग ओकायचा आहे.

मला फुंकायची ती मालकांची सख्खी भाची. तिच्यामुळे मालकांना सगळा कारखानाच मामा म्हणतो. आणि तिला म्हणतात भाता! एका दमात मोठा गोल फुगवावा तर तिनेच. जिना चढायची तोही दोन-दोन पायऱ्या गाळत. आजारपण म्हणून तिला ठाऊक नव्हते.

एकदा सर्दी-तापाची साथ आली. भाताही आडवी झाली. आठवड्यात ताप उतरला, ती कामावर आली, मला ओठांना लावले, आणि मला तत्क्षणी कळले. फुंकर अर्ध्यातच तुटत होती. गोल एका अंगाने बसला.

"काय गं भाता, भोक पडलं वाटतं तुला?" शेजारच्या भट्टीवरून कुणी ओरडले. सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसताच तिला धाप लागली.

महिना गेला, दुसरा गेला. धाप हटेना. शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडून एक्स-रे काढून आली. आमच्याकडे गोल पारखायची रीत अशी : उजेडासमोर धरायचा, बुडबुडा नाही, तडा नाही, की माल पास. मामांनी तो एक्स-रे तस्साच भट्टीच्या तोंडापुढे धरला!

"लख्ख आहे की! यात कुठं काय आहे?"

"मामा, त्या म्हणाल्या, असल्या विषाणूनंतर धडधाकट तरुणांनासुद्धा कधीकधी महिनोन्‌महिने त्रास राहतो. एक्स-रेत दिसतोच असं नाही. ओढूनताणून काम केलं तर माझं आणखी बिघडेल."

"त्यांना काय जातंय बोलायला! तरणीताठी पोरगी तू. लाव जोर."

तिने लावला. दिवसभर लावला. मग दोन दिवस तिला अंथरुणातून उठवेना. परत आली तेव्हा मामा म्हणाले, "झाली का झोप? आज नाही जमलं, तर उद्यापासून फुंकणी दुसऱ्याच्या हाती."

मी लोखंडाची, तरी आतून तापले. ज्या कामावर तिचा जीव, तेच काढून घ्यायचे? आणि आळशी म्हणून?

भाता शांतपणे म्हणाली, "मामा, ताजा गोल तुम्ही मंद भट्टीतून लगेच बाहेर का नाही काढत?"

"वेडी का तू? तिथं हळूहळू निवला नाही तर तडकेल तो."

"पण दिसायला तर लख्ख असतो."

मामांनी कोपऱ्यातले स्टूल ओढून आणले. "बस इथं. फुंकतो मी. तू नुसतं सांग."

त्यांनी गाल फुगवले. "हळू, मामा," ती म्हणाली, "लग्नाचा बँड नाही वाजवायचा." त्या दिवसाचा गोल जरा वाकडाच झाला, पण या वेळी कुणी हसले नाही.

मित्रांनो, भाता अजून पुरती बरी नाही. कधी एखादी छोटी कुपी फुंकते, कधी तेवढेही होत नाही. मामांचे डोळे उघडले. पण ज्यांच्या घरी अजून "नाटकं करू नकोस" हेच ऐकू येते, त्यांचे काय? ताप उतरला म्हणजे आजार संपला, हे तुम्ही परस्पर ठरवू नका. दमलेल्याला शेजारी बसवा आणि विचारा, "आज किती जमेल?" तो सांगेल ते खरे माना.

"आज नाही," असे भाता म्हणाली की मामा मला भिंतीला टेकवून ठेवतात. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत.