सहासष्ट किलोचं कार्ड

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि माणसांचे चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत. माझ्या लक्षात राहतात ते पाय. कोण डावा पाय आधी ठेवतं, कोण उडी मारून चढतं, कोण उतरताना हळूच निसटतं, हे मला बरोबर कळतं. बस स्थानकाच्या प्रतीक्षालयात, वेळापत्रकाच्या फळ्याशेजारी माझी जागा आहे. हल्ली कधी कधी माझ्यावर कुणी नसताना काटा आपोआप हलतो आणि एकावन्नवर जाऊन थांबतो. दुरुस्तीवाला म्हणतो, स्प्रिंग कामातून गेली. त्याला काय ठाऊक! एकावन्न किलो हे आमच्या ताईचं वजन होतं. तिचं काय झालं, ते आज तुम्हाला सांगून टाकतो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाल रंग, पितळी कडा, काचेमागे गरगर फिरणारं चक्र आणि भोवती बारीक दिवे, असा माझा थाट होता. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे, पोटात खडखड व्हायची आणि जाडसर कार्ड बाहेर पडायचं. कार्डाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या पोटात प्रत्येक किलोचा वेगळा कप्पा आहे, त्यामुळे ज्याचं जितकं वजन, त्या कप्प्यातलं कार्ड त्याला मिळतं. मुलं तर तिघं-तिघं एकदम चढायची आणि ‘आपल्याला लवकरच पुत्ररत्न होईल’ असं कार्ड आलं की एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायची. काय दिवस होते ते!

कोपऱ्यात चष्मेवाल्या काकांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक आरसा आणि चष्म्यांचे चार ट्रे. त्यांची मुलगी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. सगळं स्थानक तिला ताई म्हणायचं. माझी कार्डं तीच छापायची, दर मंगळवारी दुपारी येऊन माझं पोट उघडायची आणि कप्पे भरायची. भविष्यंही तिचीच. ‘आज घरी भांडी तुम्ही घासाल’, ‘तुमची छत्री तुमच्या मेहुण्याकडे आहे’ असली. लोक वाचून हसत आणि पुन्हा नाणं टाकत. ती भरून झाली की स्वतः एकदा चढायची. डावा पाय आधी, टाचा सगळ्यात शेवटी.

मग काळ्या पट्ट्यांचे लोक आले.

त्यांच्या दंडावर काळी पट्टी असायची आणि त्यांचा पुढारी स्वतःला सेनापती म्हणवून घ्यायचा. त्यांचं म्हणणं असं, की गावात उपरे फार झाले, त्यांना हाकलल्याशिवाय गावाला बरे दिवस येणार नाहीत. पण उपरा ओळखायचा कसा? सेनापतीनं त्यावर जाहीर तोडगा काढला. अस्सल इथला माणूस म्हणे हाडापेरानं भारदस्त असतो. पासष्ट किलोच्या आत भरला तो बाहेरचा. हसू नका, मित्रांनो. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी ते प्रतीक्षालयात यायचे. आधी सेनापती लांब कोट घालून माझ्यावर चढायचा. सहासष्ट! त्यांच्यातला झेंडेवाला सेनापतीचं कार्ड खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवायचा. मग ते लोकांना दंड धरून माझ्यावर उभं करत. शाळेतले एक मास्तर एकोणसाठ भरले. त्यांचं नाव वहीत लिहिलं गेलं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या बाकावर दुसरंच कुणी बसलेलं होतं. एक बाई चढल्या तेव्हा त्यांचे पाय इतके थरथरत होते की माझं चक्र स्थिरच होईना. मी कधी खोटं वजन दाखवलेलं नाही, याचा मला फार अभिमान होता. त्या दिवसांत मात्र आपण मोडून पडलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटायचं. ते पाय अजून माझ्या अंगावरून जात नाहीत.

काका सत्तावन्न भरले. “तीन पिढ्या इथंच गेल्या माझ्या,” ते म्हणाले. “तुझ्या आजोबांचा चष्मा माझ्या वडिलांनी केलाय रे.”

“महिनाअखेर टेबल उचलायचं,” सेनापती म्हणाला. “आणि गावही सोडायचं.”

आता एक गोष्ट मला माहीत होती आणि सांगता येत नव्हती. एका सोमवारी सकाळी सेनापती एकटाच, कोटाशिवाय आला होता. भरला अठ्ठावन्न! त्यानं कार्ड फाडलं, तुकडे माझ्यामागे टाकले आणि चालता झाला. दुसऱ्या दिवशी ताईला ते तुकडे सापडले. जुळवाजुळव हा तर तिचा रोजचा धंदा.

“बाबा, काल इथं कोण चढलं होतं?”

काकांनी सांगितलं. ताई जमिनीवर बसून हसायलाच लागली. “म्हणजे आठ किलो कोटात घालून फिरतो की हा! तरीच म्हटलं, गडी चालताना पाणकोंबडीसारखा डुलतो का!”

“हळू बोल पोरी,” काका म्हणाले. “भिंतीला कान असतात.”

“असू देत. तिलाही जरा हसू दे.”

तिनं सहासष्टच्या कप्प्यातली सगळी कार्डं काढली आणि नवी भरली. तिचे हात गार पडले होते, ते माझ्या पत्र्याला कळलं.

शुक्रवारी प्रतीक्षालय खच्चून भरलं होतं. सेनापती चढला, दिवे लुकलुकले, कार्ड आलं. झेंडेवाला बिचारा आज्ञाधारक. हातात पडेल ते खणखणीत वाचायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं छाती भरून घेतली आणि वाचलं, “खिसे रिकामे करून पुन्हा चढा!”

सेनापतीचा हात आपसूक कोटावर गेला. बाकावर बोचकं घेऊन बसलेल्या एक आजी वैतागून म्हणाल्या, “अरे मग कर की बाबा रिकामे! किती वेळ लावतोस? माझी गाडी सुटेल ना!”

सेनापती घाईनं उतरायला गेला, त्याचा पाय कोटात अडकला आणि आतल्या खिशातून भाजीवाल्याचं दोन किलोचं लोखंडी वजन ठणकन फरशीवर पडलं. पाठोपाठ दुसरं. ते घरंगळत थेट काकांच्या टेबलाखाली गेलं.

आधी आजी हसल्या. मग कंडक्टर, मग हमाल, मग सगळेच. हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. दोन काळ्या पट्टीवालेसुद्धा तोंड फिरवून खांदे हलवत होते. काकांनी ते वजन उचलून अदबीनं पुढे केलं आणि म्हणाले, “साहेब, आपले दोन किलो राहिले.”

त्या दिवसापासून काळी पट्टी दिसली रे दिसली, की लोक आपापले खिसे चाचपायचे. बोलायचे काही नाहीत, नुसतं चाचपायचे. पोरं चाचपायची, बँकेचा कारकून चाचपायचा. पट्ट्या कमी होत गेल्या. शुक्रवारची वजनं बंद झाली. महिनाअखेर आली आणि गेली, काकांचं टेबल जागच्या जागी राहिलं.

गोष्ट इथंच संपली असती तर मी सुखानं गंजलो असतो.

त्यानंतरच्या एका मंगळवारी भर दुपारी चौघे आले. दंडावर पट्टी नव्हती, साधे शर्ट होते. ताईनं माझं पोट उघडलेलं होतं.

“ही कार्डं कोण छापतं?”

“मी,” ताई म्हणाली.

त्यांनी तिला दोन्ही दंडांना धरलं. काका धावले, त्यांना ढकललं, चष्म्यांच्या काचा फरशीभर झाल्या. ताई ओरडली नाही. तिनं फक्त वळून लोकांकडे पाहिलं. प्रतीक्षालयात तीसेक माणसं होती, मित्रांनो, आणि न्यायला आलेले चौघंच होते. त्या शुक्रवारी पोट धरून हसलेल्यांचे कितीतरी पाय मी तिथं ओळखले. एकजण बुटाची नाडी बांधायला लागला. कुणी पिशवीत काहीतरी शोधू लागलं. कुणी फळ्याकडे तोंड करून वेळापत्रक वाचू लागलं. बाहेर मोटारीचं दार लागलं आणि ताई गेली ती गेलीच.

त्याला बरीच वर्षं झाली. हशानं ज्यांचा धाक गेला त्यांना तो परत काही मिळवता आला नाही. पट्ट्या नाहीशा झाल्या, सेनापती कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. काका मात्र अजून त्याच कोपऱ्यात बसतात. माझ्यातली कार्डं कधीच संपली, लोक मला अडगळ समजतात, पण काका मला पुसतात, तेल घालतात. दर शुक्रवारी ते माझ्याजवळ उभे राहून गाडीची वाट पाहणाऱ्यांना ही गोष्ट सांगतात. कोट, वजन, झेंडेवाला, सगळं हुबेहूब. लोक खूप हसतात. हसणं थांबलं की काका शांतपणे विचारतात, “आणि मंगळवारी तुमच्यापैकी कोण होतं इथं?”

मग कुणी पिशवी आवरतं, कुणी गाडी आली का ते पाहतं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

गेल्या शुक्रवारी मात्र बाकावरून एक म्हातारी उठली. सावकाश चालत आली आणि आधारासाठी माझ्यावर हात ठेवला. ती बोलू लागली तेव्हा कळलं, या तर त्याच आजी, सगळ्यात आधी हसलेल्या.

“मी होते,” त्या म्हणाल्या. “वेळापत्रक वाचत उभी राहिले होते.” त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. “दादा, मला वाचता येत नाही हो.”

काकांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. दोघंही बराच वेळ रडले.

मित्रांनो, तुम्ही मला नवा रंग द्या, नाहीतर अडगळीत टाका, माझं काही म्हणणं नाही. जे लोक माणसाला मोजून हाकलतात, त्यांना हसा, मनसोक्त हसा. हसण्याला ते फार भितात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्यानं तुम्हाला हसवलं, त्याला न्यायला कुणी आलं तर कृपा करून जागचे उठा. ते चौघंच होते.