गालाशी पाव धरलेली बाई

आमच्या बेकरीच्या बाजूच्या भिंतीवर एक बाई आहे. डोक्याला रुमाल, कानात डूल, डोळे मिटलेले आणि ताजा पाव तान्ह्या मुलासारखा गालाशी धरलेला. गावात पत्ता सांगताना लोक ‘पाववाल्या बाईपासून डावीकडे वळा’ असं सांगतात. पुढे ती भिंतीवरून रॅपरवर आली, कागदी पिशव्यांवर आली, डिलिव्हरीच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना चढून बसली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ऐटबाज, वळणदार सही आहे. ती माझ्या थोरल्या मेहुण्याची. तो पेंटर, आणि बेकरीच्या जाहिरातींचं काम पाहणारा मी. माझ्या पोटात का दुखतं, हे आता वेगळं सांगायला नको.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. लाउडस्पीकरची गाडी माझी कल्पना. घसा बसेपर्यंत मीच त्यात ओरडलोय. एका वर्षी दुकानाइतका लांब पाव भाजायचं ठरवलं. तुकड्यातुकड्यांनी भाजून जोडलाही. पण दरवाजा कुणी मोजलाच नव्हता, त्यामुळे तो बाहेर निघेना आणि शेवटी आतच कापावा लागला. लोक माझी म्हणून आठवण काढतात ती एवढीच. खरी अक्कल मी पंख्यात लावली होती. भट्टीमागच्या खोलीत एक मोठा पंखा बसवला आणि शाळा-ऑफिसं सुटायच्या सुमाराला गरम पावाचा वास थेट रस्त्यावर सोडला. माणसं चालता चालता थबकायची आणि दुकानात शिरायची. खप वाढला. पण वासावर सही करता येत नाही. लोक नाक वर करून पाव घ्यायचे आणि पैसे देताना कौतुक करायचे ते त्या बाईचं.

घरीही सुटका नाही. रोज सकाळी चहाबरोबर टेबलावर पावाचं पाकीट, आणि पाकिटावर ती. मी पाकीट उलटं ठेवतो. बायको ते सरळ करते. वर म्हणते, “काही म्हणा, दादाच्या हातात जादू आहे.” मी चहात साखर ढवळत राहतो. साखर विरघळून गेलेली असते, तरी ढवळतो.

यंदा मालकीणबाईंच्या डोक्यात आलं, की दुकानाच्या दर्शनी भागात बेकरीच्या जाहिरातींचा सगळा इतिहास मांडायचा. म्हणाल्या, “सगळ्यात जुने तुम्हीच. तुम्हीच मांडा. मधोमध जे लागेल तेच नव्या रॅपरवर घेऊ.” मी त्याच दुपारी माळ्यावरून पंखा उतरवला. पाती पुसली, तेलपाणी केलं. नोकरीचं शेवटचं वर्ष आहे. एवढी एक जागा मला हवी होती, आणि ती मागताना मला काडीचीही लाज वाटली नसती.

मागायची वेळच आली नाही. मालकीणबाई पंख्याकडे बघून म्हणाल्या, “छान आहे. कोपऱ्यात ठेवू या. मधे अर्थात आपली बाई. आणि ती कोण होती ते गिऱ्हाइकं सारखं विचारतात. पेंटरकाका तुमच्या घरचेच, त्यांना विचारून खाली दोन ओळी लिहा ना.”

मी हसून ‘बरं’ म्हटलं. चालता चालता मात्र डोकं भराभर काम करायला लागलं. ही बाई त्याने कुठल्या तरी जुन्या कॅलेंडरवरून उचललेली असणार. सगळेच पेंटर उचलतात. एकदा ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं, की उचललेल्या चित्राला मधली जागा कोण देतंय? पंखा तेल पिऊन तयारच होता. मी झपाझप पाय उचलले.

मेहुणा खिडकीपाशी बसला होता. आता हात थरथरतो म्हणून रंग सोडलाय, पण खोलीला टर्पेंटाइनचा वास तसाच आहे. “या भाऊजी,” म्हणाला आणि स्वतः उठून चहा टाकला. मी सरळ मुद्द्यावर आलो.

“दादा, ती भिंतीवरची बाई कुणावरून काढलीत?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “म्हणजे काय भाऊजी? तुमच्यावरून.”

मला वाटलं थट्टा करतोय. पण थट्टा करताना त्याच्या मिशा हलतात, त्या हलल्या नव्हत्या.

“तुम्ही तेव्हा जाहिरातींवर नव्हतात, भट्टीवर होतात,” तो सांगू लागला. “मी बाहेरून भिंतीला चुना मारत होतो. खिडकीतून बघतो तर तुम्ही घामाने निथळताय, आणि नुकताच काढलेला पाव गालाशी धरून डोळे मिटून उभे. आजूबाजूला एवढी घाई, आरडाओरडा, आणि तुम्ही आपले तुमच्याच नादात. मी तिथल्या तिथे कोळशाने काढून घेतलं. थोरले मालक म्हणाले, पुरुषाचं थोबाड बघून पाव कोण घेणार? मग तुमची मिशी काढली, डूल घातले, रुमाल बांधला.” तो हसला. “सही खालीच आहे माझी, पण बघण्यासारखं होतं ते तुमचंच.”

मला ती वेळ आठवेना. पण काय करत होतो ते चांगलंच ठाऊक होतं. पाव भाजला की नाही हे कळायला तो उलटा करतात, बुडावर टिचकी मारतात आणि कानाशी धरून ऐकतात. पोकळ आवाज आला की झाला. भट्टीवरचा कुणीही दिवसभर हेच करतो. मी गाल लावला नव्हता, कान लावला होता. कच्चा निघाला तर मालक शिव्या घालतील या भीतीने जीव कानात गोळा व्हायचा, म्हणून डोळे मिटायचे.

शब्द अगदी जिभेवर आले. एका वाक्यात त्याची सगळी जादू उतरली असती. इतकी वर्षं ज्याच्यावर जळलो, तो चित्रकार आयता माझ्या हातात सापडला होता.

तेवढ्यात त्याने कप पुढे केला आणि म्हणाला, “त्याच संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. म्हटलं, धाकटीसाठी मुलगा बघितलाय. पावाला एवढं जपतो, तो माणसाला किती जपेल.”

चहा गरम होता. मी तसाच घशाखाली घातला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना दोन ओळी लिहून दिल्या: ‘हे चित्र भट्टीवरच्या एका कामगाराला बघून काढलं आहे.’ त्यांना ते भारी आवडलं. बाई मधोमध लागली, पंखा कोपऱ्यात गेला.

पण मला राहवेना. सकाळी चहाच्या वेळी मी बायकोला विचारलं, “पाकिटावर मी आहे, हे तुला माहीत होतं?”

“म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?” तिने चमचा खाली ठेवला. “जाहिरातवाले तुम्ही. मला वाटायचं, लाजून पाकीट उलटं ठेवता.”

“आणि दादाने तेव्हा काय सांगितलं होतं तुला?”

“काही सांगितलं नाही. कोळशाचं चित्र दाखवलं.” ती पाकिटाकडे बघत होती, माझ्याकडे नव्हे. तिचा चेहरा असा मऊ झालेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता. “तुम्ही बघायला यायच्या आधीच मी आईला हो म्हणून सांगून टाकलं होतं. असा माणूस रोज कुठे मिळतो?”

मला विचारायचं होतं, मग मिळाला का? आमच्या संसारात मी तिला कधी गालाशी धरून असा डोळे मिटून उभा राहिलो असेन, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते एवढंच, की ती बोलत असायची आणि मी मेहुण्यावर जळत चहा ढवळत असायचो.

पाकिटावरचा तो शांतपणे डोळे मिटून उभा होता. मेहुण्याने डूल घातलेला, हिने पसंत केलेला, जगात कधी नसलेला. पेंटरचा हेवा मी इतकी वर्षं केला, पण पाकिटावरच्या या माणसाचा वाटला तसा तो काळजाला कधी झोंबला नव्हता.

मी हात लांब करून पाकीट उलटं ठेवलं.

तिने ते सरळ केलं.