चारशे एकाहत्तरचा बोल्ट

सुरुवातीलाच माफी मागते. माझं बोलणं ज्याने कागदावर उतरवलंय, तो बंदुका दुरुस्त करणारा तरुण सातवीतच शाळा सोडलेला आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, शब्दही साधेच आहेत. मी एक जुनी बोल्टची रायफल.

माझ्या नळीवर एका दुकानाचं नाव कोरलंय. तेच माझं माहेर, असं मी जन्मभर समजत होते. तिथून दोन भावांनी आम्हा जुळ्या बहिणींना एकाच दिवशी विकत घेतलं. मी थोरल्याकडे गेले, ती धाकट्याकडे.

बोल्ट म्हणजे आमचं मागचं दार. काडतूस आत ढकलायचं आणि दार घट्ट लावायचं, एवढंच त्याचं काम. दोघे भाऊ एकाच पोत्यावर बसून आम्हाला पुसायचे. बोल्ट काढून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि वर बोल्टवर कोरलेल्या आकड्याची चिठ्ठी बांधायचे.

अशाच एका पुसापुशीनंतर पहिलाच बार काढला आणि माझ्या मागून जाळ उसळला. थोरल्याचा उजवा डोळा गेला.

"तूच काडतुसात दारू जास्त भरलीस!" तो दवाखान्यात ओरडला.

"दादा, मापानेच भरली रे."

त्यानंतर बावीस वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. मी कपाटावर पडून राहिले. दोष माझाच, असं मनाशी घोकत.

गेल्या महिन्यात थोरला वारला. परवाना आपल्या नावावर करायचा म्हणून त्याच्या मुलीने मला या कारागिराकडे आणलं. अर्जात बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहायचा होता.

"नाव तर नळीवर आहे की," ती म्हणाली.

"ताई, ते विकणाऱ्याचं. पाटी दुकानाची, लेकरू कारखान्याचं."

या वयात कळावं, की आपलं माहेरच खोटं!

त्याने माझं लाकूड सोडवलं. नळीच्या पोटाखालची बारीक खूण आणि बोल्टच्या दांडीचा बाक जुन्या सूचीपुस्तकाशी ताडून पाहिला. कारखाना सापडला. पाठीवरचा नंबर निघाला चारशे सतरा. मग बोल्ट उजेडात धरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

"काय झालं?"

"काही नाही... म्हणजे आहे. हा बोल्ट हिचा नाही, ताई. यावर चारशे एकाहत्तर आहे. दिसतो सारखाच, बसतोही. पण केसाएवढी फट राहते. बार उडाला की जाळ तोंडावर येतो. दारूचा काही संबंध नाही."

तिने माझ्या खोळीच्या खिशातून जुनी चिठ्ठी काढली. ४१७. "अक्षर बाबांचं आहे," ती म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. धाकट्याची नजर तेज, म्हणून त्या दिवशी बोल्टवरचा आकडा तो वाचत होता. थोरला चष्म्याशिवाय लिहीत होता. "चारशे एकाहत्तर," धाकटा म्हणाला. थोरल्याच्या कानावर आधी 'एक' पडला, म्हणून चारनंतर त्याने आधी एक मांडला, मग सात. ती चिठ्ठी पाहून बहिणीचा बोल्ट माझ्यात बसला आणि उरलेला, माझा, तिच्यात गेला. मी ऐकलं होतं हो! पण आपल्याच पाठीवरचा आकडा कुणाला दिसतो?

तिने चिठ्ठी बोल्टशेजारी ठेवली. "बाबा गेले त्या दिवशी काका फाटकाबाहेर उभे होते. मीच म्हटलं, आत येऊ नका."

कारागिराने फोन तिच्यापुढे सरकवला. त्याला एवढंच सुचलं.

माझ्या अंगाला तडा गेलाय. मला पुन्हा कधी भरू नका, भिंतीवर शोभेलाही टांगू नका. जोडीच्या वस्तू पुसायला बसलात, तर एक पुरती जोडून झाल्यावरच दुसरी उघडा, एवढं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आला. माझी बहीण त्याच्या खांद्यावर होती. त्या दिवसानंतर त्यानेही तिच्यात काडतूस घातलं नव्हतं. मुलीने त्याला स्टूल दिलं, हातात माझ्यातला बोल्ट दिला, कोरी चिठ्ठी घेतली आणि पेन उघडलं.

"काका, वाचा. सुटे आकडे सांगा."

त्याने बोल्ट खिडकीकडे धरला. "चार," तो म्हणाला. "सात." कारागीर उगाच कानस शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती.

"एक," काका म्हणाला.